'इन्क्रेडिबल्स २': बाप घरी राहतो तो भाग तुम्हाला कसा वाटला?

मानेवाड्याचा_बाप
मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. परवा मुलांची परीक्षा आटोपली आणि रात्री कूलरसमोर गाद्या टाकून आम्ही तिघांनी 'इन्क्रेडिबल्स २' हा सुपरहिरो कुटुंबाचा कार्टून सिनेमा पाहिला. तिघं म्हणजे मी, सातवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. बायकोची बदली गोंदियाला झाली, त्याला दहा महिने होत आले. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ती येते, सोमवारी पहाटे जाते. मधले दिवस घर माझ्याकडे.

हा सिनेमा मी २०१८ च्या जूनमध्ये थिएटरात पाहिला होता. शाळा उघडायच्या होत्या (बाहेरगावच्यांसाठी सांगतो, विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात), त्यामुळे हॉल लेकरांनी गच्च भरला होता. तेव्हा मला लक्षात राहिली ती पळापळ. उलटी धावत सुटलेली आगगाडी आणि तिच्यामागे मोटरसायकल घेऊन लागलेली हेलन. या वेळी मात्र बॉब घरी राहतो तो भाग सुरू झाला आणि मी उठून सरळ बसलो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अचाट शक्ती असलेल्या माणसांवर कायद्यानं बंदी आहे. एक श्रीमंत भाऊ-बहीण ती उठवायच्या मागे लागतात. त्यांना कामासाठी बॉब नको, त्याची बायको हेलन हवी, कारण तिच्या कामात मोडतोड कमी होते. बॉबला ते लागतं. तरी तो म्हणतो, तू जा, घर मी पाहतो. मग मुलाचं गणित, वयात आलेल्या मुलीचं बिनसलेलं मन आणि अंगातून ज्वाळा काढणारं तान्हं बाळ, तिन्ही एकदम त्याच्या गळ्यात.

दोन प्रसंगांबद्दल बोलायचंय. डॅश शाळेतून नव्या पद्धतीचं गणित घेऊन येतो. बॉब त्याला आपल्या जुन्या पद्धतीनं शिकवायला जातो, पोरगा म्हणतो आम्हाला असं करायचं नसतं. बॉब भडकतो. पण सगळे झोपल्यावर तेच पुस्तक घेऊन बसतो आणि पहाटे मुलाला हलवून उठवतो की मला जमलंय, चल. हे मी जगलोय. डिसेंबरात मुलाचं व्यस्त प्रमाण अडलं होतं. इतके मजूर, इतके दिवस, मजूर वाढले तर किती दिवस. मी तोंडी उत्तर सांगून मोकळा झालो. तो म्हणाला, "बाबा, मॅडमला रीत पाहिजे." रात्री साडेअकराला स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक उघडून मी ती रीत शिकलो. थंडी मी म्हणत होती, ओट्याला कोपर टेकवत नव्हतं. सकाळी दूध तापता तापता त्याला समजावली आणि त्यानं दोन उदाहरणं माझ्यासमोर सोडवली.

दुसरा प्रसंग फोनचा. पहिली मोठी कामगिरी फत्ते करून हेलन घरी फोन करते, आणि इकडे सगळं उलथंपालथं असताना बॉब सांगतो की छान चाललंय. ती काळजीनं परत आली तर तिचं काम बुडेल, म्हणून. मला तिथे भरून आलं.

माझ्या मते या सिनेमाचा जीव त्या घरात आहे, खलनायकाच्या भानगडीत नाही. तिसरा भाग येणार असं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालंय. त्यात हे घर हरवू नये असं मला फार वाटतं. तुमचं काय मत?


झिरोमाईल_झिंदाबाद
मंगळवार, रात्री ११:३०

भाऊ, घराचा भाग चांगला आहे यात वाद नाही. पण सिनेमा म्हणून मी निराश झालो होतो आणि आजही आहे.

पहिला भाग २००४ चा. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. चौदा वर्षं वाट पाहिली. आणि दुसरा भाग सुरू कुठे होतो? पहिला जिथे संपला त्याच मिनिटाला, जमिनीतून ड्रिलवाला वर येतो तिथून. आमची लग्नं झाली, केस पिकायला लागले आणि ती मंडळी एक दिवसानंही मोठी झाली नाहीत. दिग्दर्शक ब्रॅड बर्डनं ते ठरवूनच केलं, हे मान्य. पण त्यामुळे पहिल्या भागाचीच गोष्ट पालथी घातल्यासारखी वाटते. तिथे नवरा बाहेर, बायको घरी. इथे बायको बाहेर, नवरा घरी.

खलनायकाचं तर मला फार वाईट वाटलं. स्क्रीनस्लेव्हर नावाचा मुखवटाधारी लोकांना पडद्यावरून संमोहित करतो. भाषण काय करतो? तुम्ही जगत नाही, दुसऱ्यांना जगताना बघत बसता. केवढा मोठा विचार! आज प्रत्येकाच्या घरात जेवताना मोबाइल आहे. आणि मुखवटा उतरला की तो विचारही उतरतो, उरतो त्या श्रीमंत भावाच्या बहिणीचा जुना राग. ती कोण हे मला अर्ध्यातच कळलं होतं. एव्हलिन डेव्हर हे नाव भरभर म्हणून बघा, 'ईव्हिल एन्डेव्हर' ऐकू येतं.


मानेवाड्याचा_बाप
मंगळवार, रात्री ११:४८

खलनायकाबद्दल तुमच्याशी सहमत. पण पालथी घातलेली गोष्ट म्हणता ते पटलं नाही. पहिल्या भागात बॉब बायकोपासून लपवून कामाला जातो. इथे हेलन सांगून, विचारून जाते आणि जाताना दहादा अडखळते. फरक आहे.

तिच्या रागाचं कारणही मला पोकळ वाटलं नाही. घरात चोर शिरले तेव्हा तिचे वडील सुरक्षित खोलीत लपायचं सोडून सुपरहिरोंना फोन लावत बसले आणि त्यात जीव गेला. कोणीतरी येऊन वाचवेल या भरवशावर माणूस हातपाय हलवत नाही, हे तिचं म्हणणं. त्यावर बॉब-हेलन कोणीच नीट उत्तर देत नाहीत, ती मात्र सिनेमाची चूक.


सक्करदऱ्याचा_पोट्टा
बुधवार, सकाळी ८:१०

अजी भाऊ, तुमी सारे विचार-विचार करून राहिले, पन त्या जनावराची लढाई कोनी सांगूनच नाही राहिलं! आमच्या घरी त्या रकूनले उदमांजरच म्हनते.

काय सीन हाय तो! बाप टीव्हीसमोर घोरून राहिला. टीव्हीवर जुना काळा-पांढरा सिनेमा, त्यात डोयाले काळी पट्टी लावलेला चोर. बाहेर कचऱ्याच्या डब्यात तोंड घालून बसलेलं जनावर, त्याच्याबी डोयाभवती काळं. लेकरू एकदा टीव्हीकडे पाहते, एकदा त्याच्याकडे पाहते. बस! त्याच्या हिशेबानं तो चोरच. मंग काचेतून आरपार जाते, डोयातून किरनं सोडते, एकाचे कितीतरी होते. आन जनावरबी काई कमी नाही, मांगं हटतच नाही ते.

माही आजी ब्याऐंशीची. तिले ना इंग्रजी समजे ना शहरातली हिंदी. पन तो सीन तिनं माह्याकडून तीनदा लावून घेतला. तोंडाले पदर लावून हासत होती. त्याच्यात बोलनंच नाही ना एक शब्द. मले वाटते का ह्या सिनेमातलं सगळ्यात मोठं काम तेच हाय.


पाटी_पेन्सिल
बुधवार, दुपारी २:२५

गणिताच्या प्रसंगावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण सव्वीस वर्षं मी तेच शिकवतेय.

तो प्रसंग हवेतला नाही. सिनेमाचा काळ साधारण साठच्या दशकातला आहे. १९५७ साली रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला वाटलं की आपली मुलं गणित-विज्ञानात मागे पडली. मग शाळांमध्ये 'न्यू मॅथ' आलं. लहान मुलांना संच, वेगवेगळ्या पायांच्या (म्हणजे दहाऐवजी दुसरा आकडा आधार धरून) संख्यालेखन पद्धती, उत्तरापेक्षा संकल्पनेवर भर. घराघरात आईबाप बॉबसारखेच वहीसमोर बसले आणि त्यांना काही कळेना.

आपल्याकडे सिनेमानंतर बरोबर एका वर्षानं, जून २०१९ मध्ये तेच झालं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बावन्नच्या जोडीला 'पन्नास दोन' असं वाचन आलं. दिवंगत मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. विधानसभेत अजित पवारांनी विचारलं की मग मुख्यमंत्र्यांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का. नागपुरात तर तो विनोद चहाच्या टपरीवर महिनाभर पुरला. पण वर्गात उभं राहून सांगते, त्या बदलामागचं कारण खरं होतं. मराठीत आपण 'पंचेचाळीस' म्हणताना आधी पाच म्हणतो, मग चाळीस, आणि लिहिताना आधी चार लिहितो. सहा-सात वर्षांचं मूल ऐकतं एका क्रमानं आणि लिहितं दुसऱ्या क्रमानं. 'पंचेचाळीस लिही' म्हटलं की निम्म्या पाट्यांवर ५४ येतं. त्यात एकोणसत्तर आणि एकोणऐंशीचा घोटाळा वेगळाच. जुनी नावं काढलीही नव्हती, दोन्ही रीती दिल्या होत्या.

त्या वर्षी पालकसभेत एक वडील माझ्यावर ओरडले. आठवड्यानं तेच वही घेऊन आले, "मॅडम, मला एकदा दाखवा, मी घरी घेतो." बॉब पहाटे मुलाला उठवतो तेव्हा मला ते गृहस्थ आठवले. चिडणारे पालक रोज भेटतात. चिडून पुन्हा पुस्तक उघडणारे फार थोडे, आणि त्यांच्या मुलांची वही मला न बघता ओळखू येते.


महालातली_आई
बुधवार, दुपारी ४:०५

मला मुख्य सिनेमाआधीच्या छोट्या फिल्मबद्दल सांगायचं आहे. थिएटरात आधी 'बाओ' दाखवली होती. आठ मिनिटांची असेल. डोमी शी या बाईंनी केलेली, पुढच्या वर्षी तिला ऑस्कर मिळालं.

कॅनडात राहणारी एक चिनी आई एकटी घरी मोदकासारखी पारी वळत असते. वाफवलेल्या एका बाओला (सारण भरलेल्या चिनी पावाला) हातपाय फुटतात, तो रडतो, तिचं बाळ होतो. ती त्याला न्हाऊ घालते, बाजारात नेते, बसमध्ये दोघं पिशवीतला पाव वाटून खातात. मोठा झाल्यावर तो तोच पाव नाकारतो. मग एक मुलगी घेऊन येतो, बॅग भरतो, आणि दारात ती त्याला अडवताना गपकन गिळून टाकते. हॉलमध्ये काही जण हसले. मागच्या रांगेतलं एक पोर घाबरून रडायला लागलं. मी मात्र हसूही शकले नाही आणि रडूही शकले नाही.

त्याच महिन्यात माझा मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. मी सांबारवडीचा (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) डबा भरून ठेवला होता, खोबरं-खसखस घालून, त्याला आवडतं तसं सारण. गाडीत तेल गळेल म्हणून तो डबा ओट्यावरच ठेवून गेला. चार दिवस तो मी उघडला नाही. पाचव्या दिवशी वड्या मोलकरणीला दिल्या.

शेवटी त्या आईचा खराखुरा मुलगा येतो आणि काही न बोलता तोच बसमधला पाव पुढे करतो. दोघं पलंगावर बसून खातात आणि रडतात. आता इथे लोक म्हणतील की ती आई फार गुंतलेली होती. होती. पण तिला वाईट ठरवू नका एवढंच सांगते.


धरमपेठकरीण
बुधवार, रात्री ९:१५

धागाकर्त्यांबद्दल आदर ठेवून थोडं कडू लिहिते.

बॉबच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, दाढी वाढली, तर आपल्या सगळ्यांना गहिवरून आलं. हेलन हे काम किती वर्षं करत होती? तिच्या थकव्यावर दोन्ही सिनेमांत मिळून किती मिनिटं आहेत? बॉबला असह्य झालं तेव्हा बाळ सुपरहिरोंचे कपडे शिवणाऱ्या एडनाकडे सोपवून तो झोपू शकला. आपल्याकडे ती एडना म्हणजे आजी किंवा शेजारच्या काकू, आणि त्यांनाही कोणी विचारत नाही की तुम्ही झोपलात का.

आणि फोनचा प्रसंग. तुम्हाला भरून आलं, मला राग आला. बाळाला शक्ती आलीय, ते पेट घेतं, भिंतीतून नाहीसं होतं, आणि त्याच्या आईला सांगायचं नाही? यात त्याग कमी आणि 'मला जमत नाही' हे कबूल न करण्याची खुमखुमी जास्त आहे. मी तीन वर्षं अमरावतीला होते, मुलं इथे नवऱ्याकडे. मला रोज 'सगळं ठीक' ऐकायला यायचं. मुलाचा हात प्लॅस्टरमध्ये आहे हे मला घराच्या दारात कळलं. ती आठवण अजून जात नाही.


सदरचा_मामा
बुधवार, रात्री १०:४०

कुणाचं लक्ष गेलं नसेल म्हणून लिहितो. ज्यांच्या घरी मिरगीचं मूल आहे त्यांनी हा सिनेमा लावण्याआधी हे वाचा.

हेलन त्या मुखवटेवाल्याच्या अड्ड्यात शिरते तिथे पिंजऱ्यासारख्या खोलीत पांढरा उजेड झपाझप लुकलुकतो. नंतरही संमोहनाच्या पडद्यांवर तसंच. माझ्या भाच्याला तेव्हा दहावं लागलं होतं, गोळ्या चालू होत्या. शहरातल्या एका थिएटरात आम्ही गेलो, दारावर सूचना नव्हती, कोणी काही सांगितलं नाही. त्या प्रसंगात त्याची मान एका बाजूला गेली. माझ्या मांडीवर घेऊन मी त्याला बाहेर आणला. दीड-दोन मिनिटांत थांबलं, पण बहिणीचा तो चेहरा विसरता येत नाही. नंतर वाचलं की अमेरिकेत प्रदर्शनानंतर ओरड झाली, आणि कंपनीनंच थिएटरांना सूचना लावायला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते सांगतो. मिरगी असलेल्या शंभरातल्या साधारण तिघांनाच उजेडाचा असा त्रास होतो, पण त्यात मुलं आणि किशोरवयीन जास्त. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या लुकलुकीनं सहाशेहून जास्त मुलं दवाखान्यात गेली होती, त्यांतल्या कित्येकांना आधी कधी फिट आलेली नव्हती. घरी पाहताना खोलीतला दिवा चालू ठेवा, मुलाला टीव्हीपासून लांब बसवा. लुकलुक सुरू झालीच तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकून मान वळवायला शिकवा. पटकन दोन्ही डोळे मिटू नये, पापण्यांमधून उजेड जातोच. आणि तो प्रसंग सरळ पुढे ढकला, गोष्ट समजायला अडत नाही.


पाटी_पेन्सिल
बुधवार, रात्री १०:५८

सदरचे मामा, फार मोलाचं लिहिलंत. शाळेत सुट्टीआधी आम्ही हॉलमध्ये अंधार करून मुलांना सिनेमे दाखवतो. यापुढे आधी पालकांना विचारीन आणि दिवे चालू ठेवीन.


झिरोमाईल_झिंदाबाद
गुरुवार, सकाळी ९:३०

पोट्ट्याच्या आजींवरून एक मुद्दा आठवला. हिंदीत हेलनचा आवाज काजोलचा होता आणि तिनं तो मन लावून दिलाय, रागावतानाही आईच वाटते. पण मराठी कुठे होती? आपल्या लेकरांनी हसायचं तर इंग्रजीत नाहीतर हिंदीत. एडनासारखं पात्र, बुटकी, ठसकेबाज, एका वाक्यात समोरच्याला गार करणारी, तिला आपल्याकडची एखादी महाल भागातली आत्या म्हणून बोलवता आली असती. (इंग्रजीत तिचा आवाज खुद्द ब्रॅड बर्डचा आहे.) डॅश वऱ्हाडीत बापाशी भांडतोय असं डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या भागाला अजून वेळ आहे, तोवर मागणी लावून धरली पाहिजे.


सक्करदऱ्याचा_पोट्टा
गुरुवार, सकाळी ९:४४

एक नंबर बोलले भाऊ! "बाबा, गनित काहून बदलवलं बे त्यायनं?" आजीले पह्यल्या रांगेत बसवतो मी.


मानेवाड्याचा_बाप
रविवार, रात्री ११:०५

धरमपेठकरीण ताई, तुमचं लिहिणं बुधवारपासून डोक्यात होतं. लगेच उत्तर दिलं नाही, कारण देता येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मुलीला ताप होता. तीन दिवस, एकशेदोनपर्यंत. डेंग्यूची तपासणी केली, नाही निघाला. त्या तिन्ही रात्री मी बायकोला फोनवर सांगितलं की पोरगी झोपलीय, दमली होती. तिची तेव्हा नवीन शाखा, ऑडिट चालू, ती रजा टाकून धावत आली असती. शनिवारी तिला शेजारच्या काकूंकडून कळलं. ती काही बोलली नाही आणि मी समजलो की विषय संपला.

काल ती आली तेव्हा तिला सांगितलं की तुला एक सिनेमा दाखवायचाय. उकाड्यात मुलं मधेच झोपली, आम्ही दोघं बघत राहिलो. फोनचा प्रसंग आला. तिनं रिमोट घेऊन थांबवला. पडद्यावर बॉबचा तो ओढून आणलेला हसरा चेहरा तसाच. ती म्हणाली, "त्या तीन रात्री तुझा आवाज असाच येत होता. मला कळत होतं काहीतरी आहे. मी गोंदियात उशाशी फोन घेऊन जागीच होते."

मग तिनं तापाचं सगळं विचारलं. कोणत्या दिवशी किती होता, पट्ट्या किती वाजेपर्यंत ठेवल्या, पोरीनं आईला हाक मारली का. मारली होती. तेही सांगितलं. सिनेमा तिथेच राहिला, उरलेला पुढच्या शनिवारी बघू.

ती आज रात्रीच बॅग भरून झोपलीय, पहाटेची गाडी आहे. मुलीच्या उजव्या दाढेत कीड दिसतेय, बुधवारी डॉक्टरांकडे न्यायचंय. हे मी तिला आजच सांगितलं.